पौंडांत मोजलेला आजार : वृषणकोषाच्या पुनर्रचना शस्त्रक्रियेचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राच्या इतिहासावरील या टिपणाचा विषय वर्गात सहसा कोणी उच्चारत नाही. वृषणकोषाला येणारी सूज, तिचे अवाढव्य रूप आणि ती काढल्यानंतर उरलेल्या अवयवांवर पुन्हा आवरण घालण्याची शस्त्रक्रिया, असा हा विषय आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात द्रवयांत्रिकी शिकवतो. या विषयाकडे मी वळलो तो आमच्या कार्यशाळेतील एका जुन्या कारागिरामुळे. लेथवर त्यांचा हात बसलेला होता, पण ते कधी स्टुलावर बसत नसत. उन्हाळ्यातही सैल पायजमा आणि त्यावर लांब सदरा घालत. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना ते आठवडाभर रजेवर गेले आणि परत आल्यावर पहिल्यांदाच सर्वांबरोबर खाली बसून डबा खाल्ला. त्यांना अंडवृद्धी होती आणि ती त्यांनी अठरा वर्षे लपवली होती. शस्त्रक्रियेला तासभरही लागला नव्हता.

तासाभराच्या शस्त्रक्रियेसाठी अठरा वर्षे का लागावीत? या प्रश्नाचे उत्तर या शस्त्रक्रियेच्या इतिहासातच सापडते. जुन्या नोंदींत शल्यचिकित्सकांनी काढलेल्या गाठीचे वजन पौंडांत काटेकोरपणे लिहिले आहे. तो माणूस पुढे कसा जगला, कामावर गेला का, त्याचे लग्न झाले का, हे मात्र क्वचितच लिहिलेले आढळते. 'किती काढले' येथपासून 'काय उरले आणि ते कसे चालते' येथपर्यंत वैद्यकाची दृष्टी कशी सरकली, ते या पाठात आपण पाहू.

१. दोन स्थिती, एक मूळ

प्रथम दोन स्थितींतील फरक समजून घ्या. प्रत्येक वृषणाभोवती एक दुपदरी पातळ पिशवी असते. तिच्या दोन पदरांमध्ये पाणी साठले की सूज येते. हीच अंडवृद्धी किंवा हायड्रोसील. येथे कातडी बहुधा चांगली असते, फक्त आत पाणी असते. दुसऱ्या स्थितीत वृषणकोषाची कातडी आणि तिच्याखालचा थर स्वतःच जाड होत जातो, खरखरीत होतो, वर्षानुवर्षे वाढतो. हा वृषणकोषाचा हत्तीरोग. यात शिश्न वाढलेल्या मांसात पूर्ण बुडून जाते आणि लघवी एका खाचेतून बाहेर येते.

अंडवृद्धीची इतर कारणेही आहेत. पण उष्ण कटिबंधातील अनेक भागांत दोन्ही स्थितींच्या मागे मुख्यतः एकच जीव असतो. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा दोऱ्यासारखा कृमी लसिकावाहिन्यांत राहतो आणि डासांमार्फत पसरतो. लसिकावाहिन्या म्हणजे शरीराची निचरा व्यवस्था. ऊतींमध्ये झिरपलेले पाणी एकमार्गी झडपांच्या साहाय्याने त्या पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. कृमी राहतो तेथे वाहिनी फुगते, झडपांची तोंडे नीट मिटेनाशी होतात आणि द्रव मागे फिरतो. त्यात कातडीला वारंवार जिवाणूंचा संसर्ग होत राहिला की सूज कायमची बसते.

२. सुश्रुतसंहितेतील मूत्रवृद्धी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतील 'मूत्रवृद्धी' हे नाव आज आपल्याला चुकीचे वाटेल, कारण आत साठलेले पाणी मूत्र नसते. पण निरीक्षण अचूक आहे. चालताना ही सूज पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हिंदकळते, असे तेथे म्हटले आहे. आतडे उतरल्यामुळे होणारी अंत्रवृद्धी वेगळी मोजली आहे, हेही महत्त्वाचे. आतडे खाली उतरलेले असताना तेथे सुई घालणे जीवघेणे ठरते, त्यामुळे हे दोन प्रकार वेगळे ओळखणे ही उपचाराची पहिली अट होती.

उपचार चिकित्सास्थानात आहे. मधल्या शिवणीच्या बाजूला, खालच्या भागात व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने वेध करायचा, दोन्हीकडे तोंड असलेली नळी घालून पाणी काढायचे आणि मग त्या जागी विशिष्ट पट्टबंध बांधायचा, असा तो क्रम आहे. वेधाची जागा, निचऱ्याची नळी आणि नंतरचा आधार या तिन्ही गोष्टींचा विचार त्यात दिसतो. याच ग्रंथात श्लीपदाविषयी, म्हणजे हत्तीपायाविषयी, आणखी एक निरीक्षण आहे. जेथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो, अशा प्रदेशांत हा आजार विशेष आढळतो, असे तेथे नोंदले आहे. साचलेल्या पाण्याचा आणि या आजाराचा संबंध डासावाटे जोडला जाण्यास पुढे अनेक शतके लागली.

पाणी काढण्याच्या उपायाची मर्यादा उघड होती. पिशवी तशीच राहते, त्यामुळे पाणी पुन्हा भरते. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात जेम्स रॅनल्ड मार्टिन यांनी पाणी काढल्यावर पिशवीत आयोडीनचे द्रावण सोडण्याची पद्धत रूढ केली. द्रावणाच्या दाहाने पिशवीचे दोन पदर एकमेकांना चिकटावेत, अशी कल्पना होती. ती अनेकदा यशस्वीही होई, पण वेदना फार होत.

३. लंडन, १८३१

हत्तीरोगाची गाठ मात्र सुईने जाणारी नव्हती. ती कापूनच काढावी लागे, आणि १८४६ पूर्वी भूल नव्हती. या काळातील सर्वात गाजलेले प्रकरण लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील आहे. हू लू नावाचा चिनी तरुण कँटनहून उपचारासाठी तेथे आणला गेला. एप्रिल १८३१ मध्ये अॅस्टन की यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. ती पाहायला इतकी गर्दी झाली की नेहमीची जागा बदलून मोठ्या सभागृहात जावे लागले. गाठ ५६ पौंडांची, म्हणजे सुमारे २५ किलोची होती.

आधीची योजना जननेंद्रिय वाचवण्याची आणि उरलेल्या कातडीच्या पल्ल्यांनी ते झाकण्याची होती. पण वेळ लांबत गेला, रक्त जात राहिले आणि अवयव वाचवण्याचा बेत मध्येच सोडून द्यावा लागला. शस्त्रक्रिया पावणेदोन तासांच्या आसपास चालली आणि हू लू टेबलावरच मरण पावला. या प्रकरणावर नंतर वैद्यकीय नियतकालिकांत बराच वाद झाला. सभागृहातील कोंदट हवा, लागलेला वेळ, गेलेले रक्त यांवर चर्चा झाली. त्यातून पुढच्या पिढीपुढे तीन तांत्रिक प्रश्न स्पष्ट झाले : वेदना कशी थांबवायची, रक्तस्राव कसा आवरायचा आणि उरलेले अवयव कशाने झाकायचे.

४. हुगळी, १८४५

पहिल्या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर बंगालमधील हुगळी येथे शोधले गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स एस्डेल यांच्याकडे तेथील रुग्णालय आणि तुरुंग होता. एप्रिल १८४५ मध्ये माधब कौरा नावाच्या कैद्याच्या दुहेरी अंडवृद्धीवर त्यांनी उपचार केला. पाणी काढून द्रावण सोडल्यावर त्याला असह्य वेदना होऊ लागल्या. एस्डेल यांनी मेस्मेरिझमविषयी फक्त वाचले होते. त्यांनी त्याच्या अंगावरून हात फिरवत त्याला गुंगीत नेण्याचा प्रयत्न केला आणि तो साधला.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी अशा अवस्थेत ७३ शस्त्रक्रिया केल्याची यादी १८४६ च्या आपल्या पुस्तकात दिली. वृषणकोषाच्या गाठी हा त्या यादीतला ठळक भाग होता. त्यांची वजने ८ ते ८० पौंड होती. ८० पौंड म्हणजे सुमारे ३६ किलो. १८४६ मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली आणि त्यानंतर कलकत्त्यात एक वर्षासाठी प्रायोगिक रुग्णालयही दिले.

येथे तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, तासन्‌तास हात फिरवण्याचे काम बहुतांशी रुग्णालयातील भारतीय सहायक करीत. यशाची नोंद मात्र शल्यचिकित्सकाच्या नावावर आहे. दुसरी, पहिला रुग्ण कैदी होता. त्याला नकार देण्याची कितपत मुभा होती, हे नोंदीवरून कळत नाही. तिसरी, अशा गाठी घेऊन रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. इतकी माणसे आजवर होती कुठे? ती गावातच होती. वेदनेच्या आणि मरणाच्या भीतीने घराबाहेर पडत नव्हती. भीती कमी झाली तसे रुग्ण दिसू लागले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हा नमुना पुन्हा पुन्हा आढळतो.

ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. १८४७ साली ईथर कलकत्त्यात पोहोचले आणि पाठोपाठ क्लोरोफॉर्मही आले. काही मिनिटांत खात्रीने गुंगी आणणारे औषध मिळाल्यावर मेस्मेरिझमची गरज उरली नाही.

रक्तस्रावाचा प्रश्न साध्या यांत्रिक युक्तीने बराच सुटला. शस्त्रक्रियेपूर्वी गाठ काही काळ उंच धरून ठेवायची, म्हणजे तिच्यातले रक्त गुरुत्वाकर्षणाने शरीरात परत जाते. मग तिच्या मानेशी घट्ट बंध बांधायचा. १८७३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक एस्मार्क यांनी रबरी पट्टीने अवयव रक्तरहित करण्याची पद्धत मांडली आणि हे काम अधिक नेमके झाले.

५. कातडी कुठून आणायची?

आता तिसरा प्रश्न, जो खऱ्या अर्थाने पुनर्रचनेचा आहे. गाठ काढल्यावर दोन्ही वृषणे आणि शिश्न उघडे पडतात. एकोणिसाव्या शतकात अनेक शल्यचिकित्सक ही जखम तशीच ठेवून ती आपोआप भरून येण्याची वाट पाहत. त्याला अनेक आठवडे लागत, कधी महिने. जखम भरे, पण व्रण आकसून शिश्न ओढले जाई.

याला पर्याय म्हणून तीन मार्ग विकसित झाले.

पहिला मार्ग स्थानिक पल्ल्यांचा. हत्तीरोगात वृषणकोषाची मागची, गुदद्वाराकडची कातडी पुष्कळदा निरोगी राहते. तसेच शिश्नाच्या अग्रत्वचेचा आतला पदर बहुधा वाचतो. मागच्या कातडीतून वृषणांसाठी नवी पिशवी आणि अग्रत्वचेच्या पदरातून शिश्नाचे आवरण, अशी योजना करता येते. फ्रान्समधील माँपेलिए येथे देल्पेश यांनी १८२० च्या सुमारास अशा पल्ल्यांचा वापर केला होता. याच देल्पेश यांचा १८३२ मध्ये त्यांच्याच एका जुन्या रुग्णाने खून केला. त्या रुग्णावर त्यांनी वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांसाठी शस्त्रक्रिया केली होती. या अवयवाशी माणसाचा मान किती जोडलेला असतो, हे या घटनेतून कळते.

दुसरा मार्ग मांडीतील खिशांचा. दोन्ही वृषणे मांडीच्या आतल्या बाजूला कातडीखाली कप्पा करून ठेवायची. जखम लवकर झाकली जाते, पण येथे उष्णतेचे गणित आडवे येते. शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा साधारण २ ते ४ अंश सेल्सिअस कमी असावे लागते. म्हणूनच वृषणकोषाची कातडी पातळ असते, तिच्याखाली चरबी नसते, आणि तिच्यातला स्नायूंचा थर थंडीत आकसतो, उन्हाळ्यात सैलावतो. शिवाय वृषणाकडे जाणारी रोहिणी आणि परत येणाऱ्या शिरांचे जाळे एकमेकांना लगटून असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रतिप्रवाही उष्णता विनिमयक चटकन ओळखू येईल. मांडीच्या ऊबदार खिशात ही सारी व्यवस्था गमावते. त्यामुळे तरुण रुग्णांत हा मार्ग शक्यतो तात्पुरता मानतात.

तिसरा मार्ग त्वचारोपणाचा. १८६९ मध्ये रेव्हर्दाँ यांनी कातडीचे बारीक तुकडे जखमेवर रुजतात हे दाखवले आणि १८७४ मध्ये थिर्श यांनी पातळ मोठ्या पट्ट्यांच्या रोपणाची दिशा दिली. मांडीवरून घेतलेली पातळ कातडी वृषणांवर आणि शिश्नावर बसवता येऊ लागली. तिला जाळीसारखे छेद दिले की ती ताणून वेड्यावाकड्या पृष्ठभागावर बसते आणि खालचे पाणीही निघून जाते. कलकत्त्यात दीर्घकाळ काम केलेले रिचर्ड हॅवलॉक चार्ल्स यांचे नाव आज पायाच्या हत्तीरोगावरील त्वचारोपण शस्त्रक्रियेला जोडले जाते. प्रत्यक्षात त्यांचा मूळ अनुभव मुख्यतः वृषणकोषाच्या हत्तीरोगाचा होता.

याच कौशल्याचा दुसरा मोठा उपयोग आज फोर्नियरच्या कोथात होतो. फ्रेंच वैद्य फोर्नियर यांनी १८८३ मध्ये वर्णन केलेल्या या संसर्गात वृषणकोषाची कातडी काही तासांत सडू लागते. मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो. सडलेला भाग तातडीने काढावा लागतो. वृषणांना स्वतंत्र रक्तपुरवठा असल्याने ती बहुधा वाचतात आणि आवरणाचा तोच जुना प्रश्न पुढे येतो. उत्तरेही तीच : पल्ला, खिसा किंवा रोपण.

६. मूळ कारणाचा शोध

शस्त्रे सुधारत असताना कारण मात्र अज्ञात होते. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये देमार्के यांना एका रुग्णाच्या वृषणकोषातून काढलेल्या द्रवात सूक्ष्म अळ्या दिसल्या. १८६६ मध्ये ब्राझीलमधील बाहिया येथे वुचेरर यांना त्या लघवीत आढळल्या. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी त्या माणसाच्या रक्तात पाहिल्या. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्ट यांना प्रौढ कृमी सापडला. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या नावात यांतील दोघांची स्मृती आहे.

पॅट्रिक मॅन्सन चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय येथे वृषणकोषाच्या हत्तीरोगाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने करीत होते. शस्त्र चालवता चालवता त्यांना कारणाचा ध्यास लागला. १८७७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की रक्तातील अळ्या डासाच्या शरीरात जाऊन वाढतात. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला लागण होते, अशी त्यांची समजूत होती. ती १९०० मध्ये जॉर्ज लो यांनी दुरुस्त केली. अळ्या डासाच्या सोंडेत येतात आणि चाव्यावाटे पसरतात, हे त्यांनी सिद्ध केले. ही सगळी साखळी वृषणकोषातून काढलेल्या द्रवापासून सुरू झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

७. पिशवी उलटावी की काढावी?

अंडवृद्धीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विंकेलमान आणि झाबुले यांच्या नावांनी ओळखली जाणारी पद्धत आली. पिशवी कापून मोजा उलटा करावा तशी उलटवून वृषणाच्या मागे शिवायची. आतला, पाणी स्रवणारा पृष्ठभाग बाहेर येतो आणि स्रवलेले पाणी आसपासच्या ऊती शोषून घेतात. लहान सुजेसाठी १९६४ मध्ये लॉर्ड यांनी पिशवीला चुण्या घालण्याची आणखी सोपी पद्धत सांगितली.

हत्तीरोगाच्या प्रदेशांत मात्र एक अडचण दिसली. येथे आसपासच्या लसिकावाहिन्याच बिघडलेल्या असतात, मग पाणी शोषणार कोण? त्यामुळे अशा रुग्णांत पिशवी उलटण्यापेक्षा ती काढून टाकणे श्रेयस्कर, असे मत पुढे आले. ब्राझीलमधील रेसिफे येथील संशोधकांचा यात मोठा वाटा आहे. त्याच गटाने १९९४ मध्ये अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर वृषणकोषातील वाहिन्यांत जिवंत कृमींची वळवळ दाखवली.

८. आजची स्थिती

भारतात राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये निर्मूलनाची जागतिक मोहीम हाती घेतली, तेव्हाच्या अंदाजानुसार जगात १२ कोटी लोकांना लागण होती आणि त्यांतील सुमारे २.५ कोटी पुरुषांना अंडवृद्धी होती. भारतात २००४ पासून बाधित जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्वांना गोळ्या देण्याची मोहीम चालते. डीईसी आणि अल्बेंडाझोल यांच्या जोडीला २०१८ पासून निवडक जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही दिले जाते. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशा, तेलंगणा यांच्याबरोबर महाराष्ट्रातील विदर्भाचाही बाधित प्रदेशांत समावेश आहे.

गोळ्यांनी लागण थांबते, पण आधीच झालेली मोठी अंडवृद्धी त्यांनी जात नाही. तिला शस्त्रक्रियाच लागते. ती जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. नंतर जखम कोरडी ठेवणे, काही दिवस आधाराचा लंगोट वापरणे आणि जड काम टाळणे एवढी काळजी पुरते. हत्तीरोगात कातडी रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडी ठेवणे हा आयुष्यभराचा उपचार आहे. तो चुकला तर उत्तम पुनर्रचनाही पुन्हा सुजू शकते.

तरीही अनेक पुरुष येत नाहीत. मजुरी बुडेल, पौरुषत्व जाईल, गावात कळेल, अशी भीती असते. हुगळीतील रुग्ण वेदनेच्या भयाने घरी बसले होते. आजचे लाजेने बसतात. आमच्या कारागिरांना मी एकदा विचारले की इतकी वर्षे का थांबलात. ते म्हणाले, "सर, विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं त्याला कळणारच की." त्यांना रुग्णालयात नेले ते त्यांच्या मेहुण्याने, कारण त्याने आधी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि ते त्यांना मोकळेपणाने सांगितले होते.

सारांश

- अंडवृद्धीत पिशवीत पाणी साठते. हत्तीरोगात कातडी व खालचा थर वाढतो. म्हणून दोघांच्या शस्त्रक्रिया वेगळ्या आहेत.
- सुश्रुतसंहितेत सुजेचे वर्गीकरण, वेधाची जागा आणि निचऱ्याची नळी यांचे स्पष्ट वर्णन आहे.
- वेदना, रक्तस्राव आणि आवरण हे तीन प्रश्न एकोणिसाव्या शतकात एकामागून एक हाताळले गेले.
- आवरणासाठी स्थानिक पल्ले, मांडीतील खिसे आणि त्वचारोपण हे तीन मार्ग आहेत. त्यांची निवड करताना वृषणांचे तापमान महत्त्वाचे ठरते.
- औषधमोहीम आणि शस्त्रक्रिया एकमेकींना पूरक आहेत. एकीने दुसरीची गरज भागत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. सुश्रुतसंहितेत मूत्रवृद्धी आणि अंत्रवृद्धी वेगळी सांगितली नसती, तर वेधाच्या उपचारात कोणता धोका उद्भवला असता?

२. माधब कौरा आणि हू लू यांच्या नोंदी रुग्णाच्या संमतीच्या दृष्टीने तपासा. आज अशा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला कोणती माहिती देणे आवश्यक आहे?

३. मांडीतील खिसा आणि त्वचारोपण यांची उष्णता वहनाच्या दृष्टीने तुलना करा.

४. तुमच्या जिल्ह्यात अंडवृद्धीची शस्त्रक्रिया कोठे होते, याची माहिती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळवा आणि ती तुमच्या घरातील किमान एका वडीलधाऱ्या पुरुषाला सांगा.